गार लागलेली अंडी

माणूस खोटं बोलेल, पापणी बोलायची नाही, असं तात्याचं म्हणणं. गावानेही ते तीस-पस्तीस वर्षं मान डोलावून ऐकून घेतलं होतं, कारण तात्याची पापणी खरंच कधी चुकली नव्हती.

बदकाची अंडी उबवून द्यायचा त्याचा धंदा. बदकीण म्हणजे एक नंबरची बेफिकीर आई. अंडं घातलं की मागे वळून बघायचं नाही, चालली ढुंगण हलवत तळ्यावर. तिच्या भरवशावर राहिलं असतं तर गावात पिल्लू नावाला दिसलं नसतं. म्हणून ज्याच्या घरी बदकं, तो अंडी आणून तात्याच्या ओसरीवर ठेवायचा. प्रत्येकाची कोळशाची खूण. कुंभाराची फुली, सुतारअक्काचा गोल, अशा.

घराच्या मागच्या अंगाला एक खोली होती. जाड मातीच्या भिंती, खिडकी नाही, दाराला रुपयाएवढं एक भोक. त्या भोकातून उन्हाची तिरीप आत यायची, तिच्यापुढे अंडं धरलं की आतलं सगळं दिसायचं. खोलीत भाताच्या तुसाने भरलेल्या टोपल्या. तूस घमेल्यात भाजायचं, फडक्यात बांधून त्याच्या पुरचुंड्या करायच्या, त्या अंड्यांच्या थरांत ठेवायच्या. सतरा-अठरा दिवस झाले की आतला जीव स्वतःच ऊब धरतो. मग अंडी काढून लाकडी फळीवर मांडायची आणि वर गोधड्या टाकायच्या. किती गोधड्या, हाच सगळा खेळ. एक जास्त झाली तर आतल्या आत उकडलं, एक कमी पडली तर गारठलं.

आणि हे कळायचं कसं? अंडं उचलायचं, डोळा मिटायचा आणि पापणीवर टेकवायचं. अंगातली सगळ्यात पातळ कातडी पापणीची. तात्या दिवसातून तीनदा फळीपाशी उकिडवा बसायचा, अंडं पापणीला लावायचा, आणि म्हणायचा, "एक गोधडी काढा." नाहीतर, "दोन पुरचुंड्या आणा." बस. पुढे कुणी बोलायचं नाही. गावात त्याचं नावच थर्मामीटर पडलं होतं आणि त्याला ते मनातून आवडायचं.

त्याचा दुसरा एक नियम होता. अंडं फोडायचं ते आतल्याने. बाहेरच्याने नखसुद्धा लावायचं नाही. "ज्याला स्वतःचं दार उघडता येत नाही, त्याने घराबाहेर पडायचंच कशाला?" असं तो म्हणायचा, आणि अडकलेली अंडी उचलून मागच्या उकिरड्यावर टाकून यायचा.

त्या वर्षी तळं आटलं. आधी कडेची लव्हाळी वाळली, मग पायऱ्या उघड्या पडल्या, मग मधोमध ताटाएवढं हिरवं पाणी आणि भोवती चिखलच चिखल. त्या चिखलातून गावाने पन्नास वर्षांत फेकलेलं सगळं वर आलं. फुटकी कौलं, बाटल्या, एक सायकलचं चाक. पाणी नाही म्हटल्यावर बदकांनी अंडी घालणं आखडतं घेतलं. हातात आलं ते शेवटचं उबवणं. सुतारअक्काच्या चारातल्या तीन बदकिणी कुत्र्यांनी नेल्या होत्या, चौथी म्हातारी. साठवलेली वीसच्या वीस अंडी तिने पदरात घालून आणली आणि म्हणाली, "तात्या, यातून निघालं तर माझ्या दारात पुन्हा क्वॅक क्वॅक. नाही निघालं तर मी आणि भिंत."

"निघणार, अक्का. थर्मामीटर कुणाचा आहे!"

अंडी फळीवर काढली त्याच दिवशी तात्या बदकं हाकायला चिखलात उतरला आणि त्याच्या तळपायात काच घुसली. मुलगा ट्रकवर असतो, पंधरा-पंधरा दिवसांनी घरी येतो. मागच्या खेपेला त्याने बापासाठी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणले होते. बूट खुंटीला. "चिखलात घालून खराब करू?" असं तात्याचं शहाणपण. त्याने काच ओढून काढली, चिंधी बांधली आणि घरात कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बायकोने आधी बुटांची आरती ओवाळली असती आणि मग पायाकडे बघितलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंडं पापणीला लावलं, तर गार.

"दोन गोधड्या वाढवा," तो म्हणाला.

सून फळीच्या दुसऱ्या टोकाला होती. लग्न होऊन तीन वर्षं झाली होती तिला. कमी बोलायची. अंडी फिरवणं, तूस भाजणं, कोमट पाणी शिंपडणं, सगळं बघून बघून शिकली होती, कुणी शिकवलं नव्हतं. तिने गोधड्या आणल्या. दुपारी पुन्हा तेच, गार. संध्याकाळी पुरचुंड्या. दोन दिवस असंच चाललं. खोलीत शिरलं की तोंडावर वाफ यायची.

तिसऱ्या दिवशी कुंभार आणि सुतारअक्का अंडी बघायला आले होते. तात्या फळीशी बसून म्हणाला, "अजून चार पुरचुंड्या."

सुनेने एक अंडं उचललं, आपल्या पापणीला लावलं. तिने हे कधी कुणासमोर केलं नव्हतं. मग हळूच म्हणाली, "मामंजी, मला गरम लागतायत."

कुंभाराने मिशीवरून हात फिरवला.

"अगं, तुझ्या पापणीला काजळाशिवाय काय कळतंय?" तात्या म्हणाला.

कुंभार खो खो हसला. सुतारअक्काही पदर तोंडाला लावून हसली. तात्यालाही आपण काय फक्कड बोललो असं वाटलं. सुनेने अंडं जागेवर ठेवलं, खुणेची बाजू वर करून, आणि पुरचुंड्या आणायला गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या डोळ्यांत काजळ नव्हतं. पुढेही नव्हतं. तात्याने ते बघितलं, पण बघितलं नाही असं केलं.

सव्विसाव्या दिवशी सकाळी टकटक सुरू झाली. अंड्याला कान लावला की आतून बारीक चिवचिव. तात्या खूश. पाय चांगलाच ठणकत होता, जिना चढल्यासारखा दम लागत होता, तरी तो खोलीतून हलला नाही. दुपारपर्यंत तीसेक अंड्यांना बारीक टवके गेले. मग ते तिथेच थांबले. आता टवका गेल्यावर बदकाचं पिल्लू दिवसभर विसावा घेतंच, यात नवीन काही नाही. पण दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तरी टवके तेवढेच, आणि चिवचिव मात्र एकेक करून विझत चाललेली. भोकातून आतली पातळ कातडी दिसायची, ती वाळून पापुद्रा झालेली. पिल्लाला जणू कुणी आत ओल्या कागदात गुंडाळून उन्हात ठेवलं होतं.

सुतारअक्का, कुंभार आणि आणखी दोघं-तिघं ओसरीवर येऊन बसले. तात्या दाराशी उभा, दुखऱ्या पायावर भार न देता.

"तीस वर्षांत असं झालं नाही रे," कुंभार म्हणाला. "काय लागलं काय अंड्यांना?"

आता इथे तात्याने 'कळत नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं. माणसाला कधी कधी कळत नाही. पण थर्मामीटर असं कसं म्हणणार? चार दिवसांपूर्वी त्याने सुनेला गोधडीचं एक टोक उचलून ठेवताना बघितलं होतं. ते नेमकं आठवलं आणि तोंडातून निघून गेलं.

"वारं लागलं. हिने गोधड्या उघड्या टाकल्या होत्या. मी बघितलं. कातड्या वाळल्या आत."

सून पाण्याची कळशी घेऊन मागून येत होती. ती उंबऱ्यातच थांबली. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. कळशीतलं पाणी थोडं हिंदकळून तिच्या पायावर पडलं.

"पोरी, एवढं तरी बघायचं होतं गं," सुतारअक्का म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता, थकलेला होता. "वीस होती माझी."

सून कळशी आत ठेवून आली, मग केरसुणी घेऊन आधीच झाडलेलं अंगण पुन्हा झाडायला लागली.

"उद्या दिवस मावळायच्या आत या," तात्या म्हणाला. "बघू काय उरतंय."

त्या संध्याकाळी पंपावर तिचा हंडा बायकांनी रांगेतून मागे सारला, हे तात्याला बायकोने सांगितलं. "एक म्हणाली, बदकाची पोरं मारली तिने, आता हंड्याला हात लावू नका." तात्याने भाकरी मोडली आणि ती तशीच ताटात ठेवून उठला.

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी तात्या अंगणात चक्कर येऊन बसला, तेव्हा चिंधी उघडी पडली. बायकोने पाय बघितला. तिने बुटांचं नावसुद्धा काढलं नाही, यावरूनच तात्या घाबरला. ती तडक नर्सबाईंना घेऊन आली. नर्सबाई सायकलवरून गावोगाव फिरणाऱ्या, घाईच्या आणि तोंडाच्या फटकळ.

"आजोबा, पाय आहे का सुजलेला भोपळा? तोंड उघडा. जिभेखाली. बोलायचं नाही, दोन मिनिटं तरी."

काचेची गार कांडी जिभेखाली धरून तात्या बसला. नर्सबाईंनी ती काढली, उजेडाकडे धरली.

"एकशे दोन. कधीपासून अंग तापतंय?"

"आज जरा..."

"आज?" बायको म्हणाली. "दहा दिवस झाले. शेगडीशेजारी झोपल्यासारखं वाटतंय मला. सांगितलं तर म्हणे, हवाच गरम आहे."

नर्सबाईंनी सुई टोचली, पू काढला, पट्टी बांधली, गोळ्या दिल्या, बूट का घालत नाही म्हणून झाडलं आणि गेल्या. पण तात्याचं कशाकडेच लक्ष नव्हतं. तो बोटं मोजत होता. दहा दिवस. काच लागली तो दिवस, अंडी फळीवर काढली तो दिवस. त्याने हात उचलून स्वतःच्या पापणीला लावला. मग ओसरीच्या खांबाला लावला, मग पुन्हा पापणीला.

अंडी गार नव्हती. त्याची पापणी तापलेली होती. तापल्या पापणीला चांगली ऊबही गार लागते. आणि ती गार लागली म्हणून त्याने दिवसातून तीन-तीनदा गोधड्या चढवल्या, पुरचुंड्या कोंबल्या, आणि सहा घरांची अंडी आपल्या हाताने भाजून काढली.

तिने उचललेलं गोधडीचं टोक वारा लागावा म्हणून नव्हतं. जीव गुदमरू नये म्हणून होतं.

त्याने मान वर केली. बायको त्याच्याकडेच बघत होती. संसाराला चाळीस वर्षं झालेली बाई, तिला बोटं मोजायची गरज नव्हती.

"तुम्ही सांगताय का मी सांगू?" ती म्हणाली.

"काय?"

"मला विचारताय काय?" एवढं बोलून ती आत गेली.

आता माणूस किती वाईट असतो बघा. खरं काय ते कळल्यावर तात्याच्या मनात पहिलं काय यावं? सुनेची क्षमा मागावी, हे नाही आलं. मनात आलं ते हे, की एक तरी पिल्लू जिवंत दाखवता आलं तर ऊब बरोबर होती म्हणता येईल, आणि मग वाऱ्याचंच खरं ठरेल. एक. लोक यायच्या आत.

सून तुसाचं पोतं आणायला गेली होती. तात्या लंगडत खोलीत शिरला, दार लावून घेतलं. गोधडी बाजूला केली. एकेक अंडं कानाला लावत गेला. गप्प. गप्प. गप्प. सगळ्या फळीवर मिळून दोनच बोलत होती. एक कुंभाराच्या फुलीचं, एक सुतारअक्काच्या गोलाचं.

त्याने फुलीचं घेतलं. ज्या माणसाने तीस वर्षं नख लावू दिलं नाही त्याने नख लावलं. टवक्याच्या कडेचा एक तुकडा काढला, मग दुसरा. आत पिवळी चोच दिसली, हलणारी. त्याचा धीर सुटला. त्याने पापुद्रा चिमटीत धरून ओढला.

पापुद्र्याबरोबर रक्त आलं. थेंब नाही, धार. त्या कातडीत शिरा अजून भरलेल्या होत्या. जाळीसारख्या, लाल. त्याला माहीत होतं. त्याच्याइतकं गावात कुणालाच माहीत नव्हतं, की पिल्लू आतलं रक्त आणि बलक पोटात ओढून घेत नाही तोवर त्याला हात लावायचा नसतो. त्याने फडकं दाबलं. पिल्लाने चोच दोनदा उघडली, तिसऱ्यांदा अर्धीच. तळहातावर ते मऊ, ओलं, कोमट ओझं पडून राहिलं आणि मग नुसतं ओझं राहिलं.

तात्याने इकडेतिकडे बघितलं. टोपलीतल्या तुसात खड्डा केला, ते आत ठेवलं आणि वरून तूस सारखं केलं. एखाद्या पोराने फोडलेला पेला लपवावा तसं.

मागे दार उघडलं होतं. सून पोतं कमरेवर घेऊन उभी होती.

किती वेळ उभी होती कोण जाणे. तिने पोतं खाली ठेवलं. त्याच्या बोटांकडे बघितलं, नखांत रक्त होतं. तात्याला वाटलं आता ती बोलणार, आणि बोललीच पाहिजे, जे तोंडाला येईल ते. पण तिने फळीवरचं दुसरं अंडं उचललं, गोलाच्या खुणेचं, आणि कानाला लावलं.

"हे आहे अजून," ती म्हणाली. "सासूबाईंना कोमट पाण्याची वाटी आणायला सांगा. आणि तेलाचं बोट."

तात्या उठला आणि सांगायला गेला. तीस वर्षांत त्या खोलीत त्याला कुणी काम सांगितलं नव्हतं.

ती दाराच्या भोकासमोर मांडी घालून बसली, म्हणजे तिरीप बरोबर अंड्यावर पडेल. टवक्याच्या जागी चोचीपुरती वाट मोकळी केली, श्वासापुरती. मग कोमट पाण्यात कापडाचं टोक बुडवून कडेकडेने टिपत राहिली. वाळलेला पापुद्रा ओला झाला की काचेसारखा होतो, आरपार दिसतो. ओल्या जागी तिने तेलाचं बोट फिरवलं आणि अंडं ओल्या फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवलं.

"काढत का नाहीस?" तात्याने विचारलं.

"शिरा लाल आहेत. थांबायचं."

"किती?"

"ते ठरवेल."

ती उठून अंगण सारवायला गेली. तात्या अंड्याजवळ बसून राहिला. हात लावायची इच्छा इतकी होती की त्याने ते दोन्ही काखेत घातले. तासाभराने ती आली, बघितलं, नखाएवढं टरफल काढलं, ओलं केलं, ठेवलं. गेली. भांडी घासून आली, पुन्हा नखाएवढं. ऊन भोकातून सरकत सरकत भिंतीवर गेलं तशी तीही सरकत गेली. दुपारी ती म्हणाली, "जरा हे उन्हाच्या तिरिपेत धरा. मला दोन्ही हात लागतील."

तात्याने अंडं धरलं. ती वाकून बघत होती, तिचं कपाळ त्याच्या मनगटापासून वीतभर.

"फडक्याने धरा, मामंजी. हात नका लावू. तुमचे हात तापलेत."

बाहेर बदकं कोरड्या अंगणात चोची आपटत होती.

"तुला कधी कळलं?" तो म्हणाला.

"पाण्याचा तांब्या देताना बोट लागलं तेव्हा. काजळाच्या आदल्या दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

तिने नजर अंड्यावरून काढली नाही. "बोलले होते."

बस, तेवढंच. यात टोमणा असता तर बरं झालं असतं, माणूस टोमण्याला उत्तर देऊ शकतो. बोलली होती खरी. आणि तो फक्कड विनोद कुणी केला होता?

जरा वेळाने त्याने दुसरं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं? तेल, पाणी?"

"चुकत चुकत. मागच्या दोन खेपांना तुम्ही उकिरड्यावर टाकलेली, त्यातली बोलणारी मी उचलून आणली होती. चुलीमागे ठेवायचे. बरीच गेली. दोन जगली." तिने कापडाचं टोक पिळलं. "आपली लंगडी त्यातलीच."

लंगडी म्हणजे तात्याची लाडकी. कळपात एकच बदकीण अशी की जी या दुष्काळातही एक दिवसाआड अंडं द्यायची. तात्या येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा, "ही बघा, माझ्या हातची." त्याने दाराच्या फटीतून बाहेर बघितलं. लंगडी मजेत चोच खुपसून फुटक्या घमेल्यातलं पाणी उडवत होती.

उन्हं उतरायला लागली तेव्हा पापुद्र्यातल्या शिरा फिक्या पडल्या. आधी लाल, मग तांबूस, मग नुसत्या रेघा. सुनेने टरफलाची टोपी गोल फिरवून उचलली आणि हात मागे घेतला.

"आता?"

"आता त्याचं काम."

पिल्लाने काहीच केलं नाही. मग मान काढली. लगेच ती दमून टरफलाच्या काठावर टाकली, बाजारातून आलेल्या हमालासारखी. मग एक पाय. मग इतका वेळ काही नाही की तात्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग एकदम अख्खंच बाहेर घरंगळलं. ओलं, काळपट, कुरूप, पोटाशी अजून एक बारीक ओला धागा. जिवंत.

अंगणात माणसांचे आवाज आले. दिवस मावळायच्या आत या म्हटलं होतं, आले होते.

तात्या ओसरीवर गेला. कुंभार, सुतारअक्का, बाकीचे. पंपावरच्या दोघीजणीही कुंपणाशी उभ्या होत्या, फुकटचा तमाशा कोण सोडतो? त्याने खांब धरला. काय बोलायचं ते त्याने दुपारभर मनात जुळवलं होतं, त्यातला एक शब्द हाताशी येईना. शेवटी त्याने कुंभाराचा हात धरला आणि आपल्या पापणीवर ठेवला.

"अरे, चटका बसला की!" कुंभाराने हात मागे घेतला. "ताप आहे तुला."

"दहा दिवस आहे. पायात काच गेली, लपवली. या पापणीला सगळं गार लागत होतं, म्हणून मी ऊब चढवत गेलो. वारं-बिरं काही लागलं नाही. अंडी मी मारली. तिने गोधडी उचलली ती त्यांना वाचवायला. आणि कुंभारा, तुझं एक आज सकाळपर्यंत जिवंत होतं. तेही मी फोडलं, घाईने. तिथे तुसात पुरलंय."

मग कुंभाराच्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे थर्मामीटरलाच ताप!"

दोघं-तिघं हसले. कुंपणापलीकडेही खसखस पिकली. कुंभारही हसला, आणि लगेच त्यालाच कसनुसं झालं. तात्या उभा राहिला. ऐकून घेतलं. आठवड्यापूर्वी असंच हसणं दुसऱ्या कुणीतरी ऐकून घेतलं होतं.

सुतारअक्का हसली नाही. ती उठली, गुडघ्यांवर हात ठेवत. "अंडी गेली ती गेली, तात्या. ताप काय सांगून येतो? पण तू काल पोरीवर ढकललंस. तेव्हा मीही तिला चार माणसांत बोलले. तुझ्या खोट्याला माझं तोंड वापरलंस. ते कसं भरून देणार?"

तात्या खांब सोडून वाटेतून बाजूला झाला.

अक्का त्याला ओलांडून आत गेली. तो मागोमाग. सून तुसाच्या लहान टोपलीत पिल्लू ठेवून त्याच्यावर फडकं पांघरत होती.

"पोरी," अक्का म्हणाली, "मी बोलले ते..."

"हे तुमचं आहे, अक्का," सून मधेच म्हणाली आणि रिकामं टरफल पुढे केलं, गोलाची खूण वर. "पाय जरा वाकडा आहे. बांधून बघते."

अक्काने टरफल हातात घेतलं, बराच वेळ फिरवून फिरवून बघितलं. "चालायला लागलं की दे. घाई नाही," ती म्हणाली, आणि जाताना तिच्या डोक्यावरून एकदा हात फिरवून गेली.

माणसं पांगली. खोलीत दोघंच उरली. तात्या भिंतीशी बसला, पट्टीचा पाय लांब करून. सून अजून त्याच्याशी नीटसं काही बोलली नव्हती आणि त्यानेही अजून तो शब्द उच्चारला नव्हता. चार माणसांत बोलणं त्याला जमलं. हिच्यासमोर, एकटीसमोर, जीभ उचलेना.

"सूनबाई," त्याने कसंबसं सुरू केलं, "मी..."

"हे धरा जरा. फडकं बदलते."

तिने पिल्लू त्याच्या हातातल्या फडक्यावर ठेवलं. मूठभरसुद्धा नाही. सवयीने, खरंच नुसत्या सवयीने, त्याने ते उचलून डोळा मिटून पापणीला टेकवलं.

गार. विहिरीतल्या दगडासारखं गार. पुरचुंडी, शेगडी, गोधडी, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. तो अर्धा उठलासुद्धा.

मग थांबला. पिल्लू तिच्यापुढे केलं.

"तू बघ," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे एकदा बघितलं. मग पिल्लू ओंजळीत घेतलं आणि मिटल्या पापणीला लावलं. काजळ नसलेल्या.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "काही नको घालायला."

तिने ते टोपलीत ठेवलं आणि ती चुलीकडे गेली. तात्या टोपलीशी बसून राहिला. त्याचं अंग अंग सांगत होतं, गारठतंय, मरेल, घाल काहीतरी वर. पिल्लू फडक्याखाली थरथरलं, चिवचिवलं, मग गप्प झालं.

तात्याने दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिला.